भिंत बुजण्याआधी: परदेशात बसून नाशिकच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर करताना

इथे अमेरिकेत जुन्या घराचं स्वयंपाकघर उकललं की मध्येच एकदा सगळं काम थांबतं. पाईप टाकून झालेले असतात, वायरी ओढून झालेल्या असतात, पण भिंती अजून उघड्याच असतात. बहुतेक गावांत पालिकेचा तपासनीस येतो, उघड्या भिंतीतलं काम बघतो आणि सही करतो. ती सही झाल्याशिवाय भिंत बंद करायची नाही. या तपासणीला 'रफ-इन' म्हणतात.

नाशिकला आई-बाबांच्या घरी असं बघायला कोणी येत नाही. सकाळी भिंतीत झिरी (पाईप-वायरींसाठीची खाच) मारली की संध्याकाळपर्यंत ती सिमेंटने बुजते, आणि आत काय गेलं ते पुढे ओल आल्यावर कळतं. म्हणून परदेशातून हे काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाला आमचं पहिलं सांगणं हेच असतं: वेळापत्रकात आणि पैशांच्या हिशोबात हा थांबा स्वतःहून ठेवा. निदान दोन पूर्ण दिवस भिंती उघड्या राहिल्या पाहिजेत.

त्याआधी घर कोणत्या जातीचं आहे ते ओळखायला हवं, कारण 'जुनं घर' म्हणजे नाशिकमध्ये तीन वेगळ्या गोष्टी. रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतले वाडे म्हणजे विटा, माती, चुना आणि सागवानी तुळया. कॉलेज रोड, गंगापूर रोडचे चाळीस-पन्नास वर्षांचे बंगले बहुधा लोड बेअरिंग, म्हणजे छताचा भार थेट विटांच्या भिंतींवर. आणि नंतरचे आरसीसी, म्हणजे काँक्रीटच्या खांब-तुळयांवरचे फ्लॅट, जिथे तुमच्या सिंकचा पाईप खालच्यांच्या छतातून जाऊ शकतो. सिडकोतल्या बऱ्याच लहान घरांवर पुढे मजले चढले आहेत, तिथेही कुठल्या भिंतीवर काय उभं आहे ते आधी तपासा. 'ही मधली भिंत काढली की किचन मोकळं होईल' हे वाक्य पहिल्या दोन प्रकारच्या घरांत फार महागात पडू शकतं. भिंत काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा आणि त्याच्याकडून लेखी घ्या. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी हा निर्णय त्याच्यावर टाकू नका.

वाड्यात माडीवर स्वयंपाकघर असेल तर वजनाचा हिशोब आधी मांडा. १०० चौरस फुटांच्या जमिनीवर दोन इंच मसाला (सिमेंट-वाळूचा थर) आणि वर टाइल घातली, तर जवळजवळ ११०० किलो वजन होतं. १८ मिमी ग्रॅनाईट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतं, ते वेगळंच. लाकडी तक्तपोशीने इतकं पेलावं अशी अपेक्षा करू नये. तिथे जमिनीचा भार वाढवायचा नाही, ओटा हलक्या चौकटीवर घ्यायचा आणि तुळयांची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे वाळवी आहे का ते टोच्याने टोचून बघायचं. टोच्या मऊपणे आत गेला तर स्वयंपाकघराचं बजेट बाजूला ठेवून आधी तुळई दुरुस्त करायची.

चुना-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारायची आता सवयच झाली आहे. पण अशी भिंत ओल शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडला की पाणी वर चढतं, क्षार बाहेर येतात, लोणा धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. अशा भिंतीला गिलावाही चुन्याचाच करा. टाइल फक्त ओट्यामागे दोन फूट लावा, छतापर्यंत नेऊ नका. आणि जुन्या भुसभुशीत गिलाव्यावर टाइल कधीच चिकटवू नका. तो विटेपर्यंत काढायचा, मगच नवीन थर. गोदेच्या पुराचं पाणी जिथे पोचतं त्या गल्ल्यांमध्ये तर खालचे कप्पे लाकडी करूच नयेत. कडप्प्याचे उभे पाट आणि स्टीलची मांडणी, एवढंच ठेवा.

मापं घेताना भिंत सरळ आहे असं धरून चालू नका. जुन्या भिंतीला पोट आलेलं असतं. लांबी तीन ठिकाणी मोजा: जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीला आणि साडेसहा फुटांवर. तिन्हींत एक इंच फरक निघणं नेहमीचंच. ओळंबा सोडा, पाणसळ लावा. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोन ठीक. अमेरिकेत तयार कपाटं तीन-तीन इंचांच्या टप्प्यांत मिळतात आणि उरलेल्या फटीत पट्टी बसवतात. नाशिकमध्ये सुतार मापाबरहुकूम करून देतो, तरीही वाकड्या भिंतीशी दोन्ही टोकांना इंच-दीड इंच पट्टीची जागा सोडायला सांगा. नाहीतर शेवटची ट्रॉली भिंतीला घासते आणि पूर्ण उघडतच नाही.

आता भिंतीच्या आतलं.

सिंकची जागा बदलायचा मोह आवरता आला तर आवरा. सांडपाण्याच्या पाईपला फुटामागे पाव इंच उतार लागतो. सिंक आठ फूट सरकवलं की पाईप दोन इंच खाली जायला हवा, आणि फ्लॅटमध्ये तेवढी खोली स्लॅब फोडल्याशिवाय मिळत नाही. मग उतार कमी ठेवला जातो, तेलकट पाणी पाईपात साचतं आणि सहा महिन्यांत तुंबतं. मोरीच्या जागेचा नहाणी ट्रॅपही, म्हणजे जमिनीतलं निचऱ्याचं तोंड, बुजवू देऊ नका. इथल्या स्वयंपाकघरांत जमिनीला निचरा नसतो, पण आपल्याकडे जमीन धुतली जाते.

जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाईप बाहेरून धडधाकट दिसतात, आतून गंजाने अर्धे बंद झालेले असतात. नवा नळ बसवून धार बारीक येते ती यामुळेच. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतची पाऊण इंची लाईन बदला, नळांना अर्धा इंच द्या. अर्धी लाईन जुनी ठेवून पुढे सीपीव्हीसी (प्लास्टिकची लाईन) जोडली तर गंजाचे कण नव्या नळात येऊन अडकतात, आणि जोडाच्या ठिकाणी पितळी आट्यांचा फिटिंग नसेल तर गळती ठरलेली. सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायला सांगा, मीटरच्या काट्याचा फोटो काढा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा फोटो काढा. काटा उतरला असेल तर जोड शोधा. ही चाचणी करायला प्लंबर कुरकुरतो, म्हणून ती आधीच कोटेशनमध्ये लिहून घ्या.

विजेचा हिशोब तर घरबसल्या करता येतो. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १४००, गीझर ३०००, असे मिळून ६४०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २८ अँपिअर. जुन्या घरात हे सगळं एका वायरीवर असतं, कधी तर ती ॲल्युमिनिअमची. बोर्डापासून स्वयंपाकघरासाठी स्वतंत्र सर्किटं ओढा: साध्या पॉवर पॉईंटना २.५ चौरस मिमी तांबं, गीझर आणि इंडक्शनला ४, प्रत्येकाला वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच). इथल्या अमेरिकी नियमाप्रमाणे ओट्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून २४ इंचांच्या आत प्लगची जागा लागते, कारण यंत्रांच्या वायरी आखूडच असतात. आई मिक्सर कुठे लावते ते विचारून नाशिकलाही तेच अंतर पाळा. एक्स्टेंशन बोर्ड ओट्यावर पाण्यात लोळायचा थांबेल.

शॉकपासून वाचवणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवाच. ती जुन्या घरात वारंवार पडते, म्हणजे वीज तोडते, मग वायरमन 'ही खराब आहे' म्हणून बायपास करतो. बहुतेक वेळा खराब काहीच नसतं. स्वयंपाकघराचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलला कुठेतरी मिळालेला असतो, गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही आणि ती आपलं काम करते. न्यूट्रलही स्वतंत्र ओढला की हा त्रास मिटतो. तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का तेही मीटर लावून दाखवायला सांगा. जुन्या घरात ते भोक नुसतंच असतं.

हे झालं की थांबा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असाल तर नाशिक उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे आहे. तिथे संध्याकाळी साडेपाचला काम उरकतं तेव्हा इथे सकाळचे आठ किंवा सात वाजलेले असतात. हीच व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. प्रत्येक भिंतीपाशी जमिनीवरून वर एक टेप उभा धरायचा, कोपऱ्यापासून दुसरा टेप आडवा, आणि दोन्ही टेपांवरचे आकडे वाचता येतील असा सरळ समोरून फोटो. तिरका फोटो उपयोगाचा नाही. फोटो बघून 'बुजवा' असा लेखी निरोप गेल्यावरच सिमेंट कालवायचं.

पैशांचं. समजा हातात ६ लाख आहेत. त्यातले १,२०,००० आधीच बाजूला काढा आणि कोणाला सांगूही नका. नव्या फ्लॅटला दहा टक्के राखीव पुरतात, जुन्या घराला वीस लागतात. उरलेल्या ४,८०,००० मधला एक तृतीयांश, म्हणजे १,६०,०००, तोडफोड, राडारोडा, प्लंबिंग, वायरिंग आणि गिलाव्याला धरा. जमीन, टाइल, ओट्याला १,२०,००० आणि ट्रॉली-कपाटांना २,००,०००. चिमणी, शेगडी वेगळ्या. बहुतेक घरांत हे उलटं होतं. आधी ट्रॉलीच्या शोरूममध्ये पैसे ठरतात आणि पाईपांना उरलंसुरलं मिळतं. इथे मजुरी इतकी महाग आहे की कोणी मध्येच बेत बदलत नाही. नाशिकमध्ये 'जरा इकडे घेऊ का' म्हणणं सोपं वाटतं आणि दर वेळी चार दिवस आणि केलेलं काम वाया जातं. तोडायला सुरुवात होण्याआधी सिंक, चिमणी, शेगडी, फ्रिजची मॉडेलं आणि मापं पक्की हवीत.

राडारोडा विसरू नका. १० बाय १० च्या खोलीची जमीन, गिलावा आणि जुना ओटा काढला की सुटलेला माल ८० घनफुटांच्या आसपास होतो. जुन्या नाशकात टेंपो गल्लीच्या तोंडाशी थांबतो, तिथपर्यंत घमेली डोक्यावरून जातात. ही ने-आण कोटेशनमध्ये आहे का, आणि वाळू-सिमेंट आत आणण्याचं काय, हे विचारा. टाइलचा बेसिक दर किती धरलाय, ट्रॉलीचा दर रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर) आहे की चौरस फुटावर, जीएसटी आत की बाहेर, हे सगळ्या कोटेशनांत सारखं करून मगच तुलना करा. टाइल मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, एकाच शेडची. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, आणि शेवटचे दहा टक्के स्वयंपाकघर तीन आठवडे वापरल्यावर द्या.

ओट्याची उंची इथल्या ३६ इंचांवरून उचलू नका. जी व्यक्ती रोज उभी राहते तिच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली माप धरा. पाच फूट उंचीच्या आईला ३२ इंचच बरे पडतात, पोळ्या लाटताना खांदे वर येत नाहीत. ग्रॅनाईटच्या पुढच्या काठाखाली, काठापासून अर्धा इंच आत, एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत जातं आणि ट्रॉलीच्या वरच्या फळीवर झिरपतं. त्या खाचेशी ते थेंब होऊन खाली पडतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण दगड बसवल्यावर करता येत नाही.

सिलिंडर ओट्याखाली असेल तर कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी झरोके हवेत. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खाली साचते. पाईपचा गॅस घेतला असेल तर तो हलका, त्याला वरून वाट हवी. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर, पाईप सहा इंची आणि शक्यतो एकाच वळणाचा.

सिंकखाली बीडब्ल्यूपी प्लाय (पाण्याला सगळ्यात टिकाऊ), बाकी बीडब्ल्यूआर (त्याखालोखाल). एमआर प्लाय (फक्त दमट हवा सोसणारा) स्वयंपाकघरात नकोच. स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या घ्या. चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नका. २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण ती लवकर गंजते. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि नाशिकच्या घरात भांडी बाजारातली पितळेची पातेली, हंडे-कळशा असणारच. पाण्याने भरलेली मोठी कळशी १५ किलोंच्या वर जाते. अशी भांडी ट्रॉलीत घालू नका. बाजूला जमिनीलगत कडप्प्याची मांडणी करा, जुनी फडताळाची जागा असेल तर तीच वापरा.

काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्याआधी संपवा. पाच-सहा आठवडे धरा. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं असतं, ते घाईत वगळलं जातं. तेवढे दिवस आई-बाबांची शेगडी, पिण्याचं पाणी आणि भांडी घासायची सोय दुसऱ्या खोलीत आधी लावून द्या, मगच पहिला हातोडा पडू दे.

आणि ते टेपवाले फोटो. मोबाईलमध्ये ते हरवतात. त्यांचे रंगीत प्रिंट काढा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि सिंकवरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उद्या पाण्याचा फिल्टर लावायला आलेला मुलगा ड्रिल काढेल, तेव्हा बाबांनी त्याला ते दार उघडून दाखवायचं.