अकरा विजय आणि दोन पराभव

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या काळातील शाळा उभी करावी, अशी संपादक मंडळाची अपेक्षा आहे. वर्ग, मैदान, स्नेहसंमेलन आणि सहली यांविषयी माझ्याहून रसाळ लिहिणारे अनेक जण या अंकात असतील. मी मात्र नागरिकशास्त्राच्या तासाला लागलेल्या एका सवयीविषयी लिहिणार आहे, आणि त्या सवयीमुळे सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांच्या निवडणुकांकडे मी कसा पाहत आलो, याविषयी. आबांशी, म्हणजे गणपतरावांशी, माझा व्यक्तिगत परिचय नव्हता. त्यामुळे या लेखात त्यांच्या भेटीगाठींचे किस्से नाहीत; आहे ती केवळ एका मतदाराने ठेवलेली नोंद.

नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला आणि थोड्या गुणांचा विषय असल्यामुळे तो वर्षअखेरीस घाईघाईने उरकण्याची पद्धत होती. आमचे सर मात्र या विषयासाठी फळ्यावर पाच रकाने आखत. पहिल्यात निवडणुकीचे वर्ष, दुसऱ्यात विजयी उमेदवार, तिसऱ्यात दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, चौथ्यात दोघांतील मतांचा फरक आणि पाचव्यात त्या वर्षी तालुक्यात आणि राज्यात काय चालले होते, ते लिहायचे. पहिले दोन रकाने कोणीही भरतो, उरलेले तीन भरता आले तरच निकाल वाचता आला असे समजायचे, असा त्यांचा दंडक होता. आमच्यातील बहुतेकांनी ती वही दहावीनंतर रद्दीत घातली. माझी मात्र चालू राहिली.

त्या वहीची पहिली ओळ १९६२ ची आहे. मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे १० ऑगस्ट १९२६ रोजी जन्मलेले आणि वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आलेले गणपतराव त्या वर्षी शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) विधानसभेवर प्रथम निवडून आले. पाचव्या रकान्यात पाहिले तर हे यश किती अवघड होते, ते कळते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ यशस्वी होऊन राज्य स्थापन झालेले असल्यामुळे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने उसळलेली लाट ओसरली होती. नव्या राज्याच्या पहिल्याच निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या आणि शेकापच्या हाती केवळ १५ राहिल्या. ज्या केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी हा पक्ष उभा केला, ते स्वतः त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. विरोधकांना काँग्रेसमध्ये सामावून घेणारे यशवंतराव चव्हाणांचे बेरजेचे राजकारण तर भरात होते. अशा वेळी पस्तिशीतील एका वकिलाने शेकापचा लाल बावटा हाती धरणे आणि तो अखेरपर्यंत न सोडणे ही गोष्ट केवळ निष्ठा या शब्दाने पुरती सांगता येत नाही. तिच्यामागे तालुक्याच्या मातीचा हिशेबही होता. पर्जन्यछायेतील जिरायत शेती, पावसाळ्यापुरती वाहणारी माण नदी, आणि शेजारच्या माळशिरस-पंढरपूर भागात कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस हे चित्र रोज पाहणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याच्या वाटपातील अन्याय वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

१९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. शेकापचेही बळ १९ वर गेले. १९७२ मध्ये मात्र त्यांचा पराभव झाला. बांगलादेश युद्धानंतरच्या त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या नावावर काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि शेकाप सातवर आला. नियतीचा खेळ असा, की ज्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाची घडी विसकटली, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर लाखो माणसे खडी फोडायला बसवली आणि ज्यातून पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा झाला, त्या ७२ च्या दुष्काळात सांगोल्याचा हा दुष्काळी कार्यकर्ता सभागृहाबाहेर होता. १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि तिच्यात ते विजयी झाले. सत्ताधारी पक्षाची सारी यंत्रणा एकाच मतदारसंघात उतरत असल्याने पोटनिवडणूक विरोधकाला सहसा अनुकूल नसते. सर या विजयाला त्यांच्या सर्व विजयांत वरचे स्थान देत आणि मलाही ते पटते.

त्यानंतरचा काळ मी थोडक्यात सांगतो. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये ते निवडून आले आणि त्या वर्षीच्या जुलैत शरद पवार यांनी स्थापन केलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. पुढे १९८०, १९८५ आणि १९९० अशा तीन निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. या काळातील त्यांचे मोठे काम विधानसभेतील नव्हे, तर तालुक्यातील आहे. सांगोल्याच्या शिवारात कापूस पिकत नाही, तरीही तेथे त्यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि पुढे महिलांची स्वतंत्र सूतगिरणीही निघाली. बाहेरून कापूस आणून सूत काढायचे आणि तरीही संस्था तोट्यात जाऊ द्यायची नाही, हा व्यवहार राज्यातील अनेक सूतगिरण्या अवसायनात निघत असताना त्यांनी करून दाखवला. साखर कारखानदारीच्या जिल्ह्यात वाढलेल्या आम्हा मुलांना सहकार म्हणजे ऊस एवढेच ठाऊक होते. चात्यांचा आवाज, कापसाची उडणारी कुसे आणि कामाची पाळी सुटल्यावर डोक्याला फडके बांधून बाहेर पडणाऱ्या आमच्याच गावातील बायका पाहिल्यावर ती समजूत बदलली.

आता १९९५. मी तेव्हा दहावीत होतो. फेब्रुवारीतील मतदानासाठी आमचा वर्ग मतदान केंद्र झाला. बाके व्हरांड्यात रचली गेली, खिडकीच्या तावदानांवर जुनी वर्तमानपत्रे डकवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात आलो तेव्हा पेट्या मोहोरबंद करताना सांडलेल्या लाखेचे तांबडे ठिपके फरशीवर तसेच होते. ते खरवडून काढायचे काम आमच्याकडे आले. मार्चमध्ये निकाल लागला आणि काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांचा १९२ मतांनी पराभव केल्याचे कळले. चौथ्या रकान्यात आजवर न भरलेला आकडा आला होता. गणिताच्या सरांनी तो तालुक्यातील मतदान केंद्रांत विभागून दाखवला. केंद्रागणिक जेमतेम एखादे मत वाट्याला येत होते. आमच्या वर्गातील केंद्रावर त्या दिवशी शेतातून वेळेवर न परतलेले, नाव यादीत न सापडल्याने माघारी गेलेले आणि शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध मारून बसलेले असे किती जण असतील, याचा अंदाज करण्यात आमचा पूर्ण तास गेला. एका मताला किंमत असते हे वाक्य पाठ्यपुस्तकात होते, पण त्याचे गणित त्या दिवशी मांडले गेले.

पाचवा रकाना तर याहून चक्रावणारा होता. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली. पक्ष ८० जागांवर थांबला, ४५ अपक्ष निवडून आले आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. राज्यभर जी काँग्रेस हरत होती, ती सांगोल्यात मात्र जिंकली. वारे एका दिशेने वाहत असताना एखादा मतदारसंघ उलट दिशेला का जातो, याचे उत्तर आम्हाला तेव्हा सापडले नाही. आज मला असे वाटते, की एकाच माणसाला इतकी वर्षे निवडून दिलेल्या तालुक्यात सत्ताविरोधी भावना राज्यातील सरकारविरुद्ध नव्हे, तर आमदाराविरुद्ध गोळा होते, मग तो आमदार विरोधी बाकांवर बसणारा का असेना. त्यांच्या धनगर समाजातील जन्माकडे बोट दाखवून त्यांच्या सगळ्या विजयांचा उलगडा करणाऱ्यांनीही या निकालाकडे पाहावे. तालुक्यातील जातींची संख्या १९९० आणि १९९५ मध्ये काही बदललेली नव्हती.

या पराभवानंतर ते घरी बसले नाहीत, हे मी पुढे माझ्या नोकरीच्या निमित्ताने जवळून जाणले. पाटबंधारे खात्यात रुजू झाल्यावर दुष्काळी भागातील उपसा योजनांची कागदपत्रे हाताखालून जाऊ लागली, आणि त्यांमागे आटपाडीची पाणी परिषद किती ठामपणे उभी आहे, ते कळले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ मध्ये गणपतराव, भारत पाटणकर आदींना बरोबर घेऊन तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी ही परिषद सुरू केली. राज्यांमधील पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले कृष्णेचे पाणी सन २००० पर्यंत अडवून वापरात आणायचे होते. त्या घाईतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी आणि सांगोल्याच्या माळावर आणायचे, ही योजना कागदावर पाहताना अशक्य वाटते. वीजबिलाचा प्रश्न तर आजही सुटलेला नाही. पण डाळिंबाच्या बागा टँकरच्या पाण्यावर जगवणाऱ्या शेतकऱ्याला विचारले, तर तो खर्चाची नव्हे, आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सुटण्याच्या, तारखेची चौकशी करतो. पाणी परिषदेच्या व्यासपीठावर आमदारकी असण्या-नसण्याने फरक पडत नव्हता आणि १९९५ ते १९९९ या काळातील त्यांचे सार्वजनिक जीवन समजून घ्यायचे तर ते विधानसभेच्या कार्यवाहीत नव्हे, या परिषदेच्या ठरावांत शोधावे लागते.

१९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले. विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. २००२ मध्ये रायगडमधील स्थानिक वादातून शेकापने पाठिंबा काढला आणि ते मंत्रिपद संपले. सुमारे पन्नास वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपदाची वर्षे एवढीच. उरलेला सारा काळ विरोधी बाकांवर किंवा सत्तेबाहेर गेला. त्यामुळे ‘त्यांनी तालुक्यासाठी किती निधी आणला’ या आजच्या मोजपट्टीने त्यांची कारकीर्द मोजू नये, असे माझे मत आहे. विरोधी आमदाराचे हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना आणि विधेयकाच्या कलमांवरील दुरुस्त्या. ही हत्यारे वापरायची तर सभागृहात पूर्णवेळ बसावे लागते आणि कागद वाचावा लागतो. या दोन्ही गोष्टींसाठी गणपतरावांचा लौकिक होता. एसटीने मुंबईला जाण्याचा त्यांचा शिरस्ता तर महाराष्ट्रभर सांगितला जातो. साधेपणाचे हे कौतुक योग्यच आहे, परंतु ते इतके केले गेले, की त्या प्रवासाच्या शेवटी ते सभागृहात काय बोलत होते, हे विचारायचे राहून गेले, अशी माझी तक्रार आहे.

२००४, २००९ आणि २०१४ या निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. २०१४ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी, मोदी लाटेत आणि चौरंगी-पंचरंगी लढतींच्या धामधुमीत, त्यांनी शिवसेनेचे उमेदवार असलेल्या त्याच शहाजीबापूंना २५ हजारांहून अधिक मतांनी हरवले. तो त्यांचा अकरावा विजय होता. त्यांच्या पहिल्या विजयाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल २०१२ मध्ये विधिमंडळात त्यांचा गौरवही झाला होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा देशातील सर्वाधिक विजयांचा विक्रम असल्याचे अनेक भाषणांत सांगितले जाते, ते बरोबर नाही. केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले आणि तमिळनाडूत एम. करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून १३ वेळा. मात्र हे दोघेही आपापल्या पक्षांचे सर्वेसर्वा होते, आणि करुणानिधी तर पाच वेळा मुख्यमंत्री झाले. गणपतरावांचा पक्ष विधानसभेत १९६२ मध्ये १५, १९८५ मध्ये १३, १९९५ मध्ये ६ आणि २००४ मध्ये अवघ्या २ जागांवर होता. पक्ष ओसरत असताना त्याच पक्षाच्या नावावर, त्याच तालुक्यातून, तेरा निवडणुका लढवून अकरा जिंकणे याला मला तरी जोड सापडलेली नाही, म्हणून विक्रमाच्या चुकीच्या दाव्याची त्यांना गरजही नाही.

२०१९ मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी शिवसेनेतील बंडाच्या वेळी गुवाहाटीहून केलेल्या एका फोनमुळे शहाजीबापू महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. सांगोलेकरांना मात्र ते १९९५ च्या १९२ मतांपासून ठाऊक आहेत. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी त्यांना २५ हजारांहून अधिक मतांनी हरवून ही जागा शेकापकडे परत आणली. घराण्याच्या पुण्याईचा यात वाटा आहे हे उघड आहे, आणि घराणेशाहीवर एरवी टीका करणाऱ्या आम्हा डाव्या विचारांच्या मंडळींनी ते मोकळेपणाने मान्य करावे.

संपादक मंडळाने शाळेसाठी काय सुचवाल, असेही विचारले आहे. सभागृहातील भाषणे कार्यवाहीच्या छापील खंडांत असतात आणि हे खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतून १९६२ पासूनचे सांगोल्याविषयीचे प्रश्न, त्यांना मिळालेली उत्तरे आणि गणपतरावांची अर्थसंकल्पावरील भाषणे यांच्या प्रती काढून शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट करावे. नववी-दहावीच्या मुलांनी दर वर्षी त्यांतील एकेक वर्ष वाचून पाच रकाने भरावेत. प्रती काढण्याचा आणि बांधणीचा खर्च आमची १९९५ ची तुकडी उचलेल. तसे मी वर्गमित्रांशी बोलून ठेवले आहे. कपाट कोठे ठेवायचे, तेवढे मुख्याध्यापकांनी कळवावे.