‘व इतर’

दहा वर्षांहून जुन्या दिवाणी दाव्यांची छाननी त्या आठवड्यात माझ्याकडे सोपवण्यात आली होती. वकिलांच्या मुदतीच्या अर्जांमुळे दावे रेंगाळतात असे बाहेरच्या माणसाला वाटते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण रोजनामा, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाची नोंद, पहिल्या पानापासून वाचायला बसले, की कोणाच्याच नावावर न लागणाऱ्या क्षुल्लक कारणांनी वाया गेलेल्या तारखा डोळ्यांत भरतात.

दावा क्रमांक २१४ वाटपाचा होता. प्रतिवादी क्रमांक ६ मयत झाल्यावर त्याचे चार वारस ६-अ ते ६-ड म्हणून रेकॉर्डवर आले, तिघांना समन्स बजावले गेले, आणि तेथून पुढे सलग चौदा तारखांना एकच ओळ होती : ‘६-ड यांचा बजावणी अहवाल प्राप्त नाही.’ शेवटच्या नऊ ओळी माझ्याच अक्षरातल्या होत्या. बोर्डावर ऐंशी प्रकरणे असली की मागची ओळ पाहून पुढची लिहिली जाते. हे समर्थन नव्हे, पण घडते तसेच. कैफियतीसाठी, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी, ३० दिवस, फार तर ९०, ही मर्यादा दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ च्या दुरुस्तीने आली. मात्र ते दिवस समन्स बजावल्यापासून मोजायचे असतात, आणि आमच्या लेखी ते बजावलेच गेले नव्हते.

समन्स बजावणीचे काम पाहणाऱ्या नाझरांकडे जाऊन, ते बजावणाऱ्या बेलिफाची नोंदवही काढली, तर अहवाल अडीच वर्षांपूर्वीच परत आल्याची नोंद होती. ज्या समाधानाने त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली, ते मला आवडले नाही. आकड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दावा क्रमांक २४१ चे बाड उघडले आणि अहवाल तेथे मिळाला : नीट शिवलेला, समन्सच्या पाठीमागे ६-ड यांची ठसठशीत सही असलेला.

दुपारी शिपायाला मी मुद्दाम ६-ड यांच्या नावाने पुकारा करायला सांगितला. मागच्या बाकावरून जे गृहस्थ उठले, त्यांना मी चेहऱ्याने चांगले ओळखत होतो. दर तारखेला ते येत आणि मी त्यांना वादीचे कोणी नातलग समजत असे.

“पुकाऱ्यात वादीचे नाव येते, पहिल्या प्रतिवादीचे येते आणि मग ‘व इतर’,” ते म्हणाले. “इतरांनी उठायचे असते का, साहेब?”

अहवाल रेकॉर्डवर घेतला गेला. चौदा तारखांना ज्यांनी त्याची एकदाही चौकशी केली नाही, ते वादीचे वकील तत्काळ उभे राहिले आणि कैफियतीची मुदत केव्हाच उलटल्याची हरकत त्यांनी घेतली. न्यायालयाने ६-ड यांना विलंब माफीचा अर्ज देण्यास सांगितले आणि पुढची तारीख दिली.

त्या अर्जात विलंबाचे कारण काय लिहायचे, हे त्यांनी जाताना मलाच विचारले.