नाकातली गुंडाळी

साचा सुटला पाहिजे, हे पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात लहानपणापासून ऐकलं. मूर्ती कितीही देखणी असो, साच्यातून सुटली नाही तर फुकट. आज स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मी प्राण्यांच्या कवट्यांच्या प्रतिकृती करते, तिथेही पहिला विचार तोच असतो.

नोव्हेंबरात एका संग्रहालयातून सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या दोन कवट्या आल्या. एक ग्रे सीलच्या नराची, दुसरी कॉमन सीलची. शाळांना हाताळायला द्यायच्या पेट्यांसाठी प्रत्येकीच्या बारा प्रती हव्या होत्या.

माझा जीव दातांत. कॉमन सीलच्या दाढांना बारीक बारीक टोकं असतात आणि त्या जबड्यात जराशा तिरक्या, एकमेकींवर रेललेल्या बसतात. ग्रे सीलच्या दाढा बहुतेक एकाच सुळक्याच्या, सुट्या सुट्या. नुसत्या बोटांनी चाचपून प्राणी ओळखता आला पाहिजे. म्हणून साचा ज्याचा होतो त्या रबरासारख्या सिलिकॉनचा पहिला हात मी बारीक ब्रशने प्रत्येक टोकावर देते. तिथे हवेचा बुडबुडा राहिला की साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये त्याची गाठ होते, आणि ती तासताना दाताचं टोक जातं. बाजारातल्या स्वस्त प्रतींत ग्रे आणि कॉमन, दोन्हींचे दात सारखेच बोथट दिसतात, तेव्हा मला राग येतो. शिकायला आलेल्या मुलाच्या हातात चुकीचा दात देणं वाईटच.

अडचण नाकाची. ग्रे सीलचं नाकपुडीचं भोक मोठं, खूप मागपर्यंत उघडं. आत कागदाहून नाजूक हाडांची गुंडाळी असते, फांद्यांना फांद्या फुटाव्यात तशी. जिवंतपणी तिच्यावर ओलसर त्वचा असते. बाहेर जाणारा गरम श्वास तिथे थंड होतो आणि त्यातलं पाणी तिथेच उतरतं. समोरच्या आइल ऑफ मे बेटावर शरदात ग्रे सीलच्या माद्या पिल्लं घालतात, साधारण अठरा दिवस पाजतात आणि तेवढे दिवस काहीही खात नाहीत. अंगातलं पाणी दुधात जात असताना श्वासातलं पाणी वाचवणारं नाक म्हणजे केवढा आधार!

सिलिकॉन त्या फटींत शिरलं तर बाहेर येताना हाडं घेऊन येईल, म्हणून नाक आधी मातीने बुजवायचं. मातीत गंधक नको, नाहीतर आमचं प्लॅटिनमचं सिलिकॉन तिच्यालगत जमतच नाही, चिकट राहतं. शिवाय माती फक्त तोंडाशी लावायची, आत दाबायची नाही. हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या दिवशी दाबली. पहिला थर सैल बसला होता, संध्याकाळपर्यंत साचा ओतायचा होता आणि वरिष्ठ म्हणाले, "भर घट्ट, आत कोण बघतंय?" त्यांना कामाची तारीख दिसते, कवटी दिसत नाही. पण अंगठा माझा होता.

दुसऱ्या दिवशी साचा छान सुटला. मग माती काढली, तर तिला चिकटून डाव्या बाजूच्या गुंडाळीचा नखाएवढा तुकडा आला. हातात घेईपर्यंत त्याचे चार झाले.

मी संग्रहालयात स्वतः फोन केला. तिथल्या बाई आल्या, भिंगाखाली बराच वेळ बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत. "हा नर साठ वर्षांपूर्वीचा आहे," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. या कवटीचं आधी सीटी स्कॅन करा, असं मी सुरुवातीलाच का नाही म्हटलं? स्कॅनला हात लावावा लागत नाही. आता आलेल्या कामाला मी तीच अट घातली आहे आणि वरिष्ठांशी त्यावरून अजून धुसफुस चालू आहे.

प्रती उत्तम झाल्या. शाळांकडून दातांचं कौतुक आलं. नाकाच्या जागी प्रत्येक प्रतीत एक उथळ खळगा आहे, मीच काळा रंगवलेला.

मूळ कवटी परत गेली तेव्हा तिच्या खोक्यात एक काचेची नळी जास्त होती. आत चार तुकडे, वर कवटीचाच नंबर, माझ्या अक्षरात.