दुर्बीण बाजूला ठेवली तेव्हा

“साहेब, दुर्बिणीनंच करा. परत तसं पोट फाडू नका.” पेशंटचं एवढंच मागणं होतं. ५२ वर्षांचा ऊस-शेतकरी. ७ महिन्यांपूर्वी मोठ्या आतड्याला पीळ पडून ते काळं पडलेलं. दुसऱ्या गावी मध्यरात्री हार्टमन झालं होतं: खराब भाग काढायचा, वरचं टोक पोटावर आणायचं, खालचं शिवून ओटीपोटात ठेवायचं. १९२१ मध्ये एका फ्रेंच सर्जनने कॅन्सरसाठी मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही जीव वाचवते. पण मागे पोटावर शौचाची पिशवी राहते. हा माणूस ७ महिने पंगतीला बसला नव्हता. पिशव्या महाग, म्हणून बायको एकच धुऊन परत लावायची.

आता दोन्ही टोकं परत जोडून पिशवी काढायची होती. दुर्बिणीला मी हो म्हणालो. दुर्बिणीने झालं तर जखम कमी चिघळते, दुखतं कमी, माणूस लवकर घरी जातो.

जुन्या टाक्यांखाली आतडी चिकटलेली असतात, तिथे आंधळेपणाने पोर्ट, म्हणजे दुर्बीण आत न्यायची नळी, घालणं धोक्याचं. म्हणून आधी स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं टोक, सोडवला, त्यात आतडं जोडणाऱ्या स्टेपलरचं डोकं, म्हणजे अॅन्व्हिल बसवून आतडं आत सारलं आणि त्याच भोकातून पहिला पोर्ट घातला. इथवर सगळं सुरेख झालं.

मग खालचं टोक सापडेना. लहान आतड्याची वेटोळी मूत्राशयाला चिकटून बसलेली, डावी मूत्रनलिका दिसत नव्हती. पहिल्या वेळी टोकाला प्रोलीनचे, म्हणजे न विरघळणाऱ्या टाक्याचे, दोन लांब निळे धागे सोडले असते तर खूण मिळाली असती. दोन मिनिटांचं काम! डिस्चार्ज कार्डावरही ऑपरेशनची एकच ओळ. रात्री दोन वाजता काय अवस्था असते ते मी जाणतो, तरी राग येतोच.

दोन तास मी चिकटलेलं सोडवत राहिलो. लहान आतड्याच्या वरच्या थराला चीर गेली, ती शिवली. भूलतज्ज्ञांनी दुसऱ्यांदा विचारलं, “अजून किती?” तेव्हा पोट उघडलं. कॅमेऱ्याला न दिसलेलं टोक बोटांना लागलं. ४० मिनिटांत मोकळं झालं. गुदद्वारातून स्टेपलर घालून टोकं जोडली. त्याने कापलेल्या आतड्याच्या दोन्ही चकत्या अखंड, म्हणजे जोड पूर्ण. ओटीपोटात सलाईन भरून खालून हवा सोडली, एकही बुडबुडा नाही, म्हणजे जोड गळत नव्हता.

चौथ्या दिवशी वारा सरला. सहाव्या दिवशी जखमेतून पू आला. तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. नातेवाईक म्हणाले, दुर्बीण फेल गेली. त्यांना काय बोलणार? ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ अशा जाहिराती आमच्याच धंद्यातले लोक लावतात. उघडावं लागणं म्हणजे फेल होणं नव्हे, हे मी आधी नीट बसून सांगायला हवं होतं. संमतीपत्रात ती ओळ होती, मी घाईत वाचून दाखवली.

जोड टिकला, पिशवी सुटली. पण ते दोन तास मनातून जात नाहीत. चीर गेली ती दुसऱ्या तासात. मी दिलेल्या शब्दाला धरून बसलो होतो. पहिला तास संपता संपता माझ्या रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ सर्जनने, हळूच विचारलं होतं, “सर, उघडायचं का?” मी उत्तरच दिलं नाही.