वैरागड : हिरे, वस्त्रे आणि हत्ती

‘वैरागर’ हा शब्द आता कोणी वापरत नाही. जुन्या मराठीत त्याचा अर्थ हिऱ्यांची खाण असा होता आणि तो संस्कृतातल्या ‘वज्राकर’ या शब्दावरून आला. ही व्युत्पत्ती धरली, तर गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातील वैरागड या गावाच्या नावात जो ‘गड’ ऐकू येतो तो मुळात गड नव्हेच. गावात किल्ला असल्यामुळे लोकांच्या कानाला तो तसा ऐकू येऊ लागला असावा. गावकरी मात्र गावाचे नाव वैरोचन नावाच्या पुराणकालीन राजाशी जोडतात. या एका शब्दाच्या मागे लागून मी गेल्या पौषात तिकडे गेलो.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता धरला की कापूस आणि तूर हळूहळू मागे पडतात आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर आरमोरी लागते. धानाची कापणी केव्हाच झालेली होती. काही बांध्यांत लाखोळीचे हिरवे पीक होते आणि मळणीची वाट पाहणारे पुंजणे अधूनमधून उभे होते. आरमोरीहून एसटीने वैरागडला पोहोचायला फार वेळ लागला नाही.

अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात, या गावाचा उल्लेख आहे. चांद्याचा गोंड राजा बाबाजी याच्याकडे एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे नोंदवून तो पुढे सांगतो की, ज्या बिरागडात हिऱ्यांची खाण आहे आणि नक्षीची वस्त्रे विणली जातात, ते ठाणे या राजाने नुकतेच दुसऱ्या एका जमीनदाराकडून जिंकून घेतले असून, या मुलखात रानहत्ती पुष्कळ आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या दोन-तीन ओळींत हिरे, वस्त्रे आणि हत्ती अशा तीन गोष्टी आल्या आहेत. मी मनाशी तीच यादी घेऊन निघालो होतो.

प्रथम किल्ला पाहिला. भुईकोट आहे, भोवती खंदक आहे आणि तो याच बाबाजी बल्लाळशहाने बांधला असे सांगतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नाव असले, तरी आत शिरल्यावर झुडपांशी झगडावे लागते. एकामागून एक वळणे घेणारी प्रवेशद्वारे मात्र नीट पाहण्यासारखी आहेत. भोवतीच्या साध्यासुध्या धानपट्टीत एवढा भक्कम बंदोबस्त कशासाठी असावा, हा प्रश्न तिथे उभे राहिल्यावर पडतोच, आणि त्याचे एक उत्तर खाणीत असू शकते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाच्या बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक हिरा हिंदुस्थानातला असे. थोडेफार बोर्निओतून येत, तेवढेच. तेव्हा अशी एखादी लहानशी जागाही राजांच्या नजरेत भरणे साहजिक होते.

खाण पाहायची म्हणून सातनाल्याच्या दिशेने निघालो. खोब्रागडी आणि सातनाला या दोन प्रवाहांच्या परिसरात हे गाव वसलेले आहे. वाटेत शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांना विचारले, तर ते हसून म्हणाले, “खड्डेच आहेत ना जी ते. त्यात का पाहता?” तरीही ते सोबत आले आणि काठीने एक-दोन जागा दाखवल्या. गवताने भरलेले, कडा ढासळलेले उथळ खळगे होते. त्यांतला कोणता हिऱ्यांचा, कोणता मुरमाचा आणि कोणता नुसत्या पावसाचा, हे मला काही ओळखता आले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भूवैज्ञानिकांना इथले जुने खड्डे दिसले होते आणि हिरे जांभ्यासारख्या लालसर, खडीमिश्रित थरात सापडत असल्याची नोंद त्यांनी केली. कोळशाच्या खाणीसारखा खोल बोगदा, चाक किंवा धुराडे इथे कधी नव्हतेच. अशा खाणींत हिऱ्याची खडी खणून काढायची, पाण्यात धुऊन माती घालवायची, उरलेले खडे उन्हात वाळवायचे आणि हातांनी निवडायचे, अशी रीत असे. म्हणजे हा बराचसा तांदूळ निवडण्याच्या जातीचा उद्योग होता. खड्ड्यातले हिरे संपले किंवा मजुरी परवडेनाशी झाली की माणसे निघून जातात आणि एका पावसाळ्यात खड्डा भरू लागतो. त्यामुळे पडक्या यंत्रांची छायाचित्रे काढायला येणाऱ्यांनी इथे येऊ नये, हे उत्तम.

यादीतली दुसरी गोष्ट शोधायला परतीच्या वाटेवर आरमोरीत थांबलो. वैरागडची नक्षीची वस्त्रे नेमकी कशाची असत हे अबुल फजल सांगत नाही, पण आरमोरीचा कोसा आजही प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे पाळून हा टसर रेशमाचा कोष घेतला जातो आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाचा मोठा वाटा आहे. हातात घेतलेला कोष मला सुपारीपेक्षा जरासा मोठा आणि तितकाच टणक वाटला.

तिसऱ्या गोष्टीबद्दल मला आजोबांना काही विचारावेच लागले नाही. 2021 साली छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि पुढे आरमोरी, कुरखेडा, देसाईगंज या भागांतही फिरला. हिऱ्यांविषयी दोन वाक्यांत आटोपणारे आजोबा हत्तींवर आले आणि शेळ्या विसरून बांधावर बसले. रात्री पुंजण्यापाशी कसा आवाज आला, टेंभे पेटवून माणसे कशी धावली आणि सकाळी बांधीत परातीएवढे ठसे कसे दिसले, हे सगळे त्यांनी हातवारे करून सांगितले. मग जवळच्या एका पुंजण्याकडे बोट दाखवून म्हणाले, “औंदा लवकर मळून घेतो जी. त्याईचा का भरोसा?”