तुम्ही विचारलेत म्हणून: कमी तीक्ष्ण दुर्बीण कशासाठी?

क्ष-किरण खगोलशास्त्राविषयी बोलताना युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘न्यूअथेना’ या नियोजित दुर्बिणीचा उल्लेख आला, की श्रोत्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारते. नासाची ‘चंद्रा’ दुर्बीण १९९९ मध्ये अवकाशात गेली आणि ती अर्ध्या आर्कसेकंदाइतका (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बारीक तपशील वेगळा दाखवू शकते. न्यूअथेना २०३७ च्या सुमारास जाणार असून तिच्यासाठी ठरवलेली मर्यादा नऊ आर्कसेकंदांची आहे. म्हणजे जवळपास चार दशकांनंतर, अब्जाहून अधिक युरो खर्चून, आधीच्यापेक्षा अठरा पट धूसर चित्र घेणारी दुर्बीण कशासाठी बांधायची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की क्ष-किरणांच्या आकाशातील आज अडलेले बहुतेक प्रश्न हे वेगाचे, तापमानाचे आणि घटकद्रव्यांचे आहेत, आणि त्यांची उत्तरे मिळण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा अतिशय काटेकोरपणे मोजावी लागते.

विश्वातील सामान्य द्रव्याचा फार थोडा भाग ताऱ्यांमध्ये आहे. उरलेले बरेचसे द्रव्य दीर्घिकांच्या आत, भोवती आणि त्यांच्यामधल्या विस्तीर्ण पोकळीत विरळ वायूच्या रूपाने पसरलेले आहे. दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छांमध्ये या वायूचे वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या कित्येक पट भरते आणि त्याचे तापमान एक कोटी ते दहा कोटी अंशांपर्यंत असते. असा वायू प्रामुख्याने क्ष-किरणांतच प्रकाशतो, त्यामुळे जेम्स वेबसारख्या थोर दुर्बिणीलाही तो पाहता येत नाही. शिवाय पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने त्यांच्या निरीक्षणासाठी अवकाशात जाण्यावाचून गत्यंतर नसते.

ययाति तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकागुच्छाचे उदाहरण मी नेहमी देतो. ‘चंद्रा’ दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या चित्रांत तप्त वायूमध्ये तयार झालेल्या प्रचंड पोकळ्या आणि त्यांच्याभोवती पसरत गेलेले तरंग दिसतात. गुच्छाच्या मध्यावरील दीर्घिकेत असलेल्या महाकाय कृष्णविवराच्या झोतांनी त्या पोकळ्या कोरल्या आहेत. गुच्छाच्या गाभ्यातील वायू ऊर्जा उत्सर्जित करत असल्याने तो थंड होऊन त्यातून झपाट्याने नवे तारे जन्माला यायला हवेत, पण अपेक्षेइतके तारे तेथे जन्मत नाहीत. म्हणजे कृष्णविवर त्या वायूला तापवत ठेवते, हे जवळजवळ निश्चित आहे. मात्र झोतांमधली ऊर्जा लक्षावधी प्रकाशवर्षे पसरलेल्या वायूत नेमकी कशी मुरते, हे चित्र कितीही तीक्ष्ण असले तरी त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी वायूचा वेग कळायला हवा.

तो वेग वर्णपटातील रेषांवरून, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जांना सोडत असलेल्या प्रकाशावरून कळतो. अतितप्त लोहाची एक ठळक रेषा ६.७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या (म्हणजे ६,७०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या; हे प्रकाशकणाच्या ऊर्जेचे एकक) आसपास असते. वायूत खळबळ असेल तर ही रेषा थोडीशी रुंदावते, पण ते रुंदावणे फारच थोडे असते: सेकंदाला १६४ किलोमीटर वेगाच्या खळबळीने ती साधारण ३.७ इलेक्ट्रॉन व्होल्टने पसरते. क्ष-किरण दुर्बिणींमधील नेहमीच्या सिलिकॉन संवेदकांची अचूकता या ऊर्जेला सव्वाशे ते दीडशे इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकीच असल्याने त्यांना हा फरक जाणवणे शक्यच नाही. ‘चंद्रा’ दुर्बिणीवर वर्णपट घेण्यासाठी सूक्ष्म जाळ्या आहेत आणि बिंदूसारख्या स्रोतांसाठी त्या उत्कृष्ट काम करतात, परंतु गुच्छासारख्या पसरट वस्तूचा प्रकाश त्यांतून गेला की वस्तूचा आकार आणि प्रकाशाची ऊर्जा यांची सरमिसळ होते.

मी १६४ हा आकडा सहज घेतलेला नाही. जपानच्या ‘हितोमी’ उपग्रहाने २०१६ मध्ये याच गुच्छात तो मोजला. हितोमीवरचे उपकरण सूक्ष्म उष्णतामापक होते: त्यावर क्ष-किरणाचा एक कण आदळला की संवेदकाचे तापमान किंचित वाढते आणि त्या वाढीवरून कणाची ऊर्जा कळते. ही वाढ जाणवावी म्हणून संवेदक निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०५ अंशांवर ठेवावा लागतो. असे उपकरण अवकाशात चालवण्याचा इतिहास वाचताना मन हेलावते. २००० मध्ये पहिला उपग्रह प्रक्षेपणातच गेला. २००५ मध्ये ‘सुझाकू’ कक्षेत पोहोचला, पण त्याच्या थंडाव्यासाठीचा द्रवरूप हेलियम काही आठवड्यांत उडून गेला. हितोमी प्रक्षेपणानंतर सुमारे सव्वा महिन्यात निकामी झाला, आणि तरीही तेवढ्या अवधीत त्याने दाखवून दिले की झोतांच्या एवढ्या धुमाकुळातही ययाति गुच्छाचा गाभा आश्चर्य वाटावे इतका शांत आहे. तिथल्या खळबळीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या सुमारे चार टक्केच भरला. इतक्या मंद खळबळीने ऊर्जा गाभ्यापासून दूरवर कशी पोहोचते, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार झाला.

सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेला ‘क्रिझम’ हा हितोमीचा वारसदार हे काम आज उत्तम रीतीने करतो आहे. त्याच्या संवेदकात मात्र केवळ ३६ चौकटी (पिक्सेल) आहेत आणि त्याच्या आरशाची विभेदनक्षमता (बारीक तपशील वेगळा दाखवण्याची मर्यादा) सव्वा आर्कमिनिटाच्या आसपास, म्हणजे सुमारे ७५ आर्कसेकंद आहे. संवेदकासमोरचे संरक्षक झाकण कक्षेत उघडले नाही, म्हणून १.७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे किरण जवळजवळ पोहोचतच नाहीत. ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियम यांच्या महत्त्वाच्या रेषा याच पट्ट्यात येतात. ही मूलद्रव्ये मुख्यतः जड ताऱ्यांच्या स्फोटांतून आली, तर लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून आला. म्हणून ताऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा हिशेब मांडायचा तर दोन्हींची मोजणी लागते.

न्यूअथेनावरच्या ‘एक्स-आयएफयू’ या उपकरणात अशा सुमारे दीड हजार चौकटी असतील आणि त्यांची अचूकता चार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असेल. प्रत्येक चौकटीतील पातळ थर सामान्य वाहक आणि अतिसंवाहक (विद्युतरोध अजिबात नसलेली) या दोन अवस्थांच्या सीमेवर ठेवलेला असतो, कारण त्या सीमेवर तापमानात अत्यल्प बदल झाला तरी विद्युतरोध झपाट्याने बदलतो. म्हणून नऊ आर्कसेकंदांची तुलना ‘चंद्रा’च्या अर्ध्या आर्कसेकंदाशी न करता क्रिझमच्या पंच्याहत्तरांशी करायला हवी, असे माझे ठाम मत आहे. पोकळीच्या कडेला वायूचा वेग किती, तिच्या मागे किती, पलीकडे किती, असा गुच्छाचा नकाशाच त्यातून उभा राहील.

नकाशा काढायचा तर प्रत्येक चौकटीत हजारो प्रकाशकण गोळा व्हायला हवेत, आणि येथे आरशाचा प्रश्न येतो. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर त्यात शिरून शोषले जातात. अगदी निसटत्या कोनातून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आले तरच ते परावर्तित होतात. म्हणून असे आरसे नळकांड्यांसारखे एकात एक बसवावे लागतात. ‘चंद्रा’ दुर्बिणीच्या आरशांच्या चार जोड्या जाड काचेच्या आहेत. त्यांचे वजन टनाच्या घरात जाते, पण किरण गोळा करणारे प्रभावी क्षेत्रफळ एक दशांश चौरस मीटरही भरत नाही. न्यूअथेनाला एक किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला सुमारे एक चौरस मीटर हवे आहे. ते जाड काचेने साधायचे तर तेवढे वजन उचलणे परवडणार नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उद्योगात वापरल्या जाणाऱ्या, अत्यंत गुळगुळीत सिलिकॉनच्या चकत्या कापून, त्यांच्या पाठीवर बारीक कंगोरे कोरून, त्या वाकवून एकमेकींवर रचतात. मधल्या असंख्य सूक्ष्म खोबणींतून किरण परावर्तित होत १२ मीटरवरच्या नाभीपाशी येतात. अशा शेकडो ठोकळ्यांचा मिळून एक आरसा होतो. पातळ चकत्यांना काचेचा ताठपणा नसतो, आणि तीक्ष्णता जाते ती येथे.

हे नुकसान सर्वत्र किरकोळ आहे, असे मी म्हणणार नाही. न्यूअथेनाचे दुसरे उपकरण, रुंद क्षेत्राचा ‘डब्ल्यूएफआय’ कॅमेरा, एका वेळी पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा, ४० गुणिले ४० आर्कमिनिटांचा तुकडा टिपेल आणि विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत वाढत असलेली कृष्णविवरे शोधेल. तिथे तीक्ष्णता खरोखर महत्त्वाची असते, कारण अतिमंद स्रोत एकमेकांवर सांडू लागले की अधिक वेळ निरीक्षण करूनही काही हाती लागत नाही. मूळ ‘अथेना’साठी पाच आर्कसेकंदांचे उद्दिष्ट होते, २०२२ मध्ये खर्चाचा अंदाज १.९ अब्ज युरोंच्या वर गेल्यावर सारा आराखडा नव्याने मांडावा लागला आणि त्यात तीक्ष्णतेला झळ बसली. प्रकल्प पूर्ण रद्द होण्यापेक्षा ही तडजोड मला योग्य वाटते, परंतु तिची किंमत दूरच्या कृष्णविवरांच्या अभ्यासाला मोजावी लागणार आहे. म्हणूनच २०२४ मध्ये नासाने पुढील अभ्यासासाठी निवडलेल्या दोन प्रस्तावांपैकी ‘ॲक्सिस’ हा प्रस्ताव मला मोलाचा वाटतो. त्याची विभेदनक्षमता दीड आर्कसेकंदाच्या आसपास राखण्याचे उद्दिष्ट आहे. त्यात सूक्ष्म उष्णतामापक नाही, त्यामुळे ययाति गुच्छातल्या वायूचे वेग त्याला मोजता येणार नाहीत. त्या वेगांचा बारीक नकाशा काढण्याचे काम न्यूअथेनाच करू शकेल.