विसण आधी, कढत पाणी नंतर

सॉनाचे फायदे वाचून बादलीतलं पाणी जास्त कढत करण्यात अर्थ नाही. फिनलंडच्या सॉनात माणूस 80-90 अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटं बसून राहतो. नाडी शंभराच्या पुढे जाते आणि शरीराचं आतलं तापमानही चढतं. बादली-तांब्याच्या आंघोळीत पाणी अंगावरून ओघळून जातं, दोन तांब्यांच्या मधे अंग गार पडतं. आतपर्यंत ऊब पोचतच नाही.

ज्याचा सारखा दाखला दिला जातो तो फिनलंडमधल्या कुओपिओ शहराचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. आठवड्यातून 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा 63 टक्के कमी आढळले. मात्र हे नुसतं निरीक्षण. रोज सॉना सोसणारा माणूस मुळातच धडधाकट असणार, ही शंका त्यातून पुरती फिटत नाही.

बादलीने काय साधतं? आखडलेले सांधे, भरून आलेली पाठ मोकळी होते. झोपेसाठीही उपयोग आहे, पण वेळ चुकवू नका. 40 ते 42 अंशांचं पाणी, दहा मिनिटं, झोपण्याआधी एक-दोन तास. गरम पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, मग आतली उष्णता बाहेर पडून शरीर निवतं आणि झोप येते. अंग पुसून थेट अंथरुणात शिरलात तर निवायला वेळच मिळत नाही.

आता विसण. गिझरचं पाणी 60 अंश आणि नळाचं 20 अंश असेल, तर निम्मं-निम्मं घातलं की 40 होतं. उन्हाळ्यात नळाचं पाणी 30 अंशांवर गेलं की कढत पाणी एक तृतीयांश पुरतं. बादलीत गार पाणी आधी ओता. साठ अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. पाणी बोटाने नाही, कोपराने बघा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायाने अजिबात अंदाज घेऊ नका. चटका बसल्याचं कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो.

भोवळ बहुधा उठताना येते. वाहिन्या सैल पडलेल्या, रक्त पायांत उतरलेलं, रक्तदाब खाली. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. स्टुलावर बसून आंघोळ करावी, शेवटचे तांबे कोमट घ्यावेत, मिनिटभर बसून मगच उठावं. आणि आतून कडी लावू नये. म्हाताऱ्या माणसांना हे पटवणं अवघड, पण पटवाच.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत उतरलं की मात्र प्रकरण सॉनाच्या जवळ जातं, कारण अंग पाण्यात बुडालेलं असतं. दहा मिनिटं पुरे. दारू पिऊन नको, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तर नकोच. डोकं बुडवू नका: कोमट गोड्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर रुग्ण सहसा वाचत नाही.

खरा जीवघेणा प्रकार घरातच असतो: बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गिझर. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात; दारापर्यंत जाण्याचं बळही उरत नाही. गिझर मोकळ्या हवेत, न्हाणीघराबाहेर बसवा. आत फक्त पाण्याचा पाइप येऊ द्या. कुणी आत कोसळलेलं दिसलं तर आधी उघड्यावर ओढून आणा, मग गॅस बंद करा आणि दवाखान्यात 'गॅस गिझर होता' हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर हा वायू आणि ऑक्सिजन यांत फरक करू शकत नाही, त्यामुळे माणूस गुदमरलेला असतानाही आकडा 98 दिसू शकतो.